आरओ घ्यायच्या आधी घरचं पाणी तपासून बघा (नाशिककरांसाठी)

नवीन फ्लॅट घेतला की लोक पडद्याचं माप घेतात, इन्व्हर्टरला लोड किती लागेल ते विचारतात, आणि आरओ मात्र शेजारच्यांकडे आहे तोच घेऊन टाकतात. पाण्याचं माप कोणी घेतच नाही. बरं त्याला फार काही लागतही नाही, एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), क्लोरीन बघायची एक ओटीची बाटली, जंतू बघायच्या एक-दोन कुप्या, आणि एखादा रविवार. हे करून बघितलं तर नाशिकमधल्या बऱ्याच घरांना कळेल की आपल्याला आरओची गरजच नाहीये, आणि काहींना उलटं कळेल की आपण नुसत्या कँडल फिल्टरवर चालवतोय ते बरोबर नाही. दोन्ही बाजूचे लोक मी बघितलेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी पाणी येतं कुठनं ते शोधा. कार्पोरेशनचं पाणी म्हणजे मुख्यतः गंगापूर धरणाचं, शिवाय दारणा आणि आता मुकणे. गंगापूर हे मातीचं धरण, १९६५ साली पूर्ण झालेलं, त्र्यंबकच्या बाजूला डोंगरात पडलेला पाऊस त्यात येऊन साठतो. पावसाचं पाणी मुळातच मऊ असतं आणि ते डोंगरउतारावरून भराभरा वाहत धरणात येतं, खडकात मुरत बसायला त्याला वेळ मिळत नाही, त्यामुळे त्यात क्षार कमी. मग ते बारा बंगला, पंचवटी, गांधीनगर, विल्होळी अशा कुठल्यातरी जलशुद्धीकरण केंद्रात जातं, तुरटी पडते, गाळ खाली बसतो, वाळूतनं गाळलं जातं, क्लोरीन टाकतात आणि तुमच्या भागातल्या जलकुंभात चढवतात.

बोअरचं पाणी म्हणजे दुसरंच प्रकरण. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, बेसाल्ट. त्याच्या भेगांमधनं पाणी हळूहळू झिरपतं आणि जाता जाता कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं, म्हणून बोअरचं पाणी जड. त्यात वरती शेती असेल तर खताचा नायट्रेट, सेप्टिक टँक गळत असेल तर अजून काहीबाही.

आता खरी गोची इथे आहे की बहुतेक सोसायट्यांमध्ये ही दोन्ही पाणी एकाच अंडरग्राउंड टाकीत पडतात. सकाळी कार्पोरेशनचं येतं, ते कमी पडलं की वॉचमन बोअर चालू करतो, उन्हाळ्यात वरनं टँकर. म्हणजे तुमच्या किचनच्या नळाला सकाळी आठला एक पाणी आणि दुपारी चारला दुसरं. पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ या बाजूच्या नव्या स्कीममध्ये तर हे विचारूनच घ्या. सेक्रेटरीला विचारू नका, त्यांना माहीत असेलच असं नाही, वॉचमनदादांना किंवा सोसायटीच्या प्लंबरला विचारा, बोअरची लाइन कुठल्या टाकीत सोडलीय आणि मोटर किती वाजता चालू करता. दोन मिनिटांत सगळा उलगडा होतो.

मग चार ग्लास घ्या, काचेचे, आणि वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी भरा. एक पार्किंगमध्ये मीटरजवळ जिथे कार्पोरेशनची थेट लाइन येते तिथलं (पाणी चालू असतानाच मिळेल, म्हणून वेळ बघून जा), दुसरं बोअरचं, मोटरजवळ कॉक असतो तिथनं, तिसरं तुमच्या किचनच्या नळाचं, आणि चौथं आरओ आधीच बसवलेला असेल तर त्याचं. ग्लासवर पेनाने लिहून ठेवा, नाहीतर पाच मिनिटांनी सगळे सारखेच दिसतात. पुढचं सगळं याच चार ग्लासांवर करायचंय, आणि खरी गंमत आकड्यात नाही, एका ग्लासाचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघण्यात आहे.

टीडीएस मीटर: काय सांगतो, काय सांगत नाही

मीटर काही शे रुपयांत मिळतो. टोपी काढा, ज्या पाण्यात बुडवायचाय त्याच पाण्याने आधी खळबळून घ्या, खुणेपर्यंतच बुडवा, जरा हलवा म्हणजे टोकाला अडकलेला हवेचा बुडबुडा निघून जातो (हा बुडबुडा राहिला की आकडा कमी येतो), आणि आकडा स्थिर झाला की वाचा. पाणी साध्या तापमानाचंच हवं, गीझरचं नको.

आतमध्ये तो करतो काय तर दोन टोकांमधनं वीज किती जाते ते मोजतो आणि त्याला एका ठराविक आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो. म्हणजे त्याला कळतात फक्त पाण्यात विरघळलेले क्षार, जे वीज वाहून नेतात. जंतू त्याला दिसत नाहीत. कीटकनाशकं जवळपास दिसत नाहीत. गढूळपणा तर अजिबात नाही. टीडीएस १२० आलं म्हणून पाणी शुद्ध, असं काही नसतं, आणि ७०० आलं म्हणून विषारी असंही नसतं.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, त्यात टीडीएसची मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर दिलीय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायला परवानगी आहे. कार्पोरेशनच्या थेट लाइनचा ग्लास सहसा ५०० च्या खूप खाली दिसेल. बोअरचा ग्लास कुठेही असू शकतो, शेजारशेजारच्या दोन प्लॉटमध्येसुद्धा फरक पडतो. किचनचा आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी आला की समजायचं टाकीत मिक्सिंग चालू आहे, आणि ज्याच्या जास्त जवळ आला त्याचं पाणी टाकीत जास्त. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा असं तीन-चार दिवस बघा, वॉचमन बोअर कधी लावतो ते न विचारताच कळेल.

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हाच ५०० चा आकडा धरून म्हटलं होतं, की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला, कारण तिथे आरओ काढण्यासारखं काही काढत नाही आणि पाणी मात्र वाया घालवतो.

आता आरओ विकायला दारात येणाऱ्या सेलवाल्यांच्या प्रयोगाबद्दल. बऱ्याच जणांकडे येऊन गेला असेल, आमच्याकडेही आला होता, कंपनीचं नाव जाऊद्या. दोन ग्लास ठेवतात, एकात नळाचं, एकात आरओचं, आणि दांड्या असलेलं एक छोटं यंत्र त्यात बुडवून स्विच चालू करतात. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर मळकट फेस आणि खाली काळपट गाळ, आरओचं मात्र जसंच्या तसं. घरातली म्हातारी माणसं तिथेच हबकतात, अरे देवा हे पितो काय आपण. तर तो गाळ पाण्यातला नसतोच, तो दांडीचा असतो. एक दांडी लोखंडाची असते, एक बहुतेक ॲल्युमिनियमची, वीज गेली की लोखंड विरघळतं आणि गंज होऊन पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून वीज जात नाही, म्हणून गंज होत नाही. त्याला म्हणायचं, थांबा, आणि आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायचं आणि परत लावा म्हणायचं. तेही तसंच तपकिरी होतं. करून बघाच, चेहरा बघण्यासारखा असतो.

पाणी जड आहे का

यासाठी बाटली आणि साबण पुरतो. पारदर्शक बाटलीत अर्धा ग्लास पाणी घ्या, अंघोळीच्या साध्या साबणाचा नखाएवढा कीस टाका, झाकण लावून चांगली हलवा. शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड घेऊ नका, त्यांचा जड पाण्यातही फेस होतो आणि टेस्ट फसते. मऊ पाण्यात पटकन जाड फेस येतो आणि टिकतो, खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. जड पाण्यात फेस येत नाही, आला तरी बसतो, आणि पाणी दुधाळ होऊन वर चोथ्यासारखं काहीतरी तरंगतं. साबण आणि कॅल्शियम एकत्र येऊन झालेला तो न विरघळणारा क्षार. बादलीच्या कडेला आणि बाथरूमच्या टाइल्सवर बसतो तो थरही बराचसा हाच. ताडून बघायला शेजारी आरओचं किंवा पावसाचं पाणी घेऊन तेवढाच साबण टाका, फरक लगेच दिसतो.

घरातल्या बायकांना हे टेस्टशिवाय कळतं, कारण डाळ शिजत नाही. तूरडाळ कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊनही दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. कारण डाळीच्या पेशी एकमेकांना धरून ठेवणारं जे पेक्टिन असतं ते पाण्यातल्या कॅल्शियमने अजून घट्ट होतं. कुकरला दोष देऊ नका, गॅसकेटही बदलू नका, डाळीला तेवढं कार्पोरेशनचं पाणी वापरा.

जडपणाची, म्हणजे रिपोर्टमध्ये कडकपणा लिहितात त्याची, मर्यादा मानकात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि पर्याय नसेल तर ६००. जड पाणी प्यायल्याने तब्येतीला फार काही होतं असं नाही, त्रास असतो तो गीझरला, वॉशिंग मशीनला आणि केसांना. उकळल्यावर पातेल्यात पांढरे पापुद्रे दिसतात ते पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट तापल्यावर चुनखडी होऊन खाली बसतो म्हणून, ते गाळून टाका आणि बिनधास्त प्या. गीझरच्या कॉइलवर हीच चुनखडी चढते, जितकं जास्त गरम तितकी जास्त, म्हणून बोअरचं पाणी असेल तर थर्मोस्टॅट कमीवर ठेवा आणि वर्षातनं एकदा कॉइल साफ करून घ्या. अंघोळीपुरता सॉफ्टनर बसवतात तो चालतो, त्यात कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतात, पण त्याचं पाणी पिण्याला वापरायची गरज नाही.

क्लोरीन: ज्याकडे कोणी बघत नाही

सकाळी पाणी आल्या आल्या नळाला ब्लीचिंगचा वास आला की लोक नाक मुरडतात. मला तर तो वास आला की बरं वाटतं. मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन शिल्लक असायला पाहिजे, कारण केंद्रातनं निघालेलं पाणी कित्येक किलोमीटर पाइपातनं येतं आणि वाटेत काही शिरलं तर त्याला मारायला काहीतरी शिल्लक हवं.

आणि वाटेत शिरतं बरं का. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, म्हणजे दिवसातला बराच वेळ पाइप रिकामा असतो, आणि रिकाम्या पाइपाला कुठे चीर असेल तर बाहेरचं साचलेलं पाणी, मग ते गटाराचं का असेना, आत ओढलं जातं. मग पाणी सुटलं की पहिला लोट तोच. म्हणून थेट लाइनवरनं पिण्याचं भरत असाल तर पहिलं थोडं पाणी बादलीत काढा, फरशी पुसायला होईल, मग हंडा लावा.

ओटी टेस्ट म्हणून मिळते, ग्रामपंचायतीचे पाणीवाले वापरतात तीच. छोट्या नळीत पाणी घ्या, सांगितलेत तेवढे थेंब टाका आणि लगेच बघा. फिकट पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, काहीच रंग नाही म्हणजे नाही, गडद नारिंगी म्हणजे जरा जास्तच पडलंय. नळीवर किंवा डब्यावर रंगाची पट्टी असते तिच्याशी जुळवा. ते केमिकल चांगलं नाही, हाताला लागलं तर धुवा, नळीतलं पाणी बेसिनमध्ये सोडा, आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

आता चार ग्लासांचा उपयोग इथे आहे. थेट लाइनला पिवळं आलं आणि किचनला काहीच नाही, म्हणजे कार्पोरेशनने त्यांचं काम केलंय, क्लोरीन तुमच्या टाकीत संपतंय. एकतर टाकीत गाळ-शेवाळ आहे आणि क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतंय, नाहीतर पाणी फार वेळ साठून राहतंय, नाहीतर बोअरचं पाणी मिसळतंय, त्यात क्लोरीन नसतंच. थेट लाइनलाच नसेल तर विभागीय कार्यालयात तक्रार करा, आणि तोपर्यंत उकळून प्या. ही एवढी छोटी टेस्ट, पण माझ्या मते टीडीएस मीटरपेक्षा दहापट कामाची, आणि ती विकायला कोणी दारात येत नाही कारण त्यातनं मशीन खपत नाही.

जंतू आणि लॅब

एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड वायू) कुपी म्हणून एक येते. आत कागदाची पट्टी असते, त्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची. पाणी काळं झालं तर त्यात मैल्याबरोबर येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या लोकांनी ही साधी पद्धत काढली आणि आज जगभर खेड्यापाड्यात वापरतात. झाकण काढल्यावर आत बोट लावायचं नाही, बोटावरच्या जंतूंनीही काळं होईल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी मरणाची असते, तेव्हा कुपी खिडकीत ठेवून काही होणार नाही, फ्रिजच्या मागे जिथे गरम हवा लागते तिथे ठेवा. काळी झालेली कुपी ब्लीचिंग टाकून मग संडासात ओता. आणि ज्या बोअरला आधीच सडक्या अंड्यासारखा वास येतो त्याला ही टेस्ट लावू नका, त्यात हा वायू आधीच असतो, कुपी उगाचच काळी होईल.

बोअरचं पाणी पीत असाल तर मात्र एकदा लॅबला द्याच, घरच्या टेस्टवर थांबू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची किंवा आरोग्य खात्याची जिल्ह्याची लॅब बघा, फी फार नसते. जायच्या आधी फोन करून नमुना कधी घेतात ते विचारा. केमिकल टेस्टला लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने दोन-तीनदा खळबळून. जंतूंच्या टेस्टला मात्र लॅबचीच निर्जंतुक बाटली घ्या, ती खळबळायची नाही, आतमध्ये क्लोरीन मारायला थोडं केमिकल आधीच टाकलेलं असतं ते निघून जाईल. नळाची जाळी काढा, तोंड लायटरने जरा तापवा (प्लास्टिकचा नळ असेल तर स्पिरिटने पुसा), दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा, आणि बर्फाच्या डब्यातनं त्याच दिवशी सकाळीच पोचवा.

मागायचं काय तर कडकपणा, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड, लोह आणि ई कोलाय (मैल्यातले जंतू). यातला नायट्रेट विसरू नका. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे जिथे आज टॉवर उभे आहेत तिथे कालपरवापर्यंत बागा आणि भाजीपाला होता, वर्षानुवर्षं युरिया पडलाय. मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. त्याला ना वास ना चव, टीडीएस मीटरला वेगळा दिसत नाही, आणि उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाला वरच्या दुधासाठी असलं पाणी वापरलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. घरात लहान बाळ असेल तर हा एक आकडा आल्याशिवाय बोअरचं पाणी वापरूच नका.

गंमत बघा, निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार पाण्याचा ईसी (वीज किती वाहते, म्हणजे क्षार किती) आणि पीएच तोंडपाठ सांगतो, फवारणीचं औषध कुठल्या पाण्यात कालवायचं ते बघून ठरवतो. त्याच माणसाच्या घरात पिण्याचं पाणी कुठलं तर बोअरचं, रिपोर्ट कधी काढला तर कधीच नाही.

मग घ्यायचं काय

कार्पोरेशनचंच पाणी, टीडीएस कमी, क्लोरीन येतंय, कुपी काळी होत नाही, तर खरं म्हणजे काहीच घ्यायची गरज नाही, मनाचं समाधान हवं असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) किंवा यूएफवालं (बारीक छिद्रांतनं गाळणारं) साधं मशीन पुरे. यूव्हीला पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात गाळाच्या कणाच्या सावलीत जंतू वाचतात, म्हणून त्याच्या आधी गाळणारी कँडल हवीच, आणि लाइट गेली की यूव्ही बंद हे लक्षात ठेवा. नाहीतर उकळणं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, पण जंतू मारायला ते भरपूर झालं, चांगल्या मोठ्या उकळ्या फुटल्या की एक मिनिट ठेवा आणि बंद करा. पंधरा मिनिटं खळाखळा उकळत ठेवणं म्हणजे नुसता गॅस जाळणं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी, टीडीएस ५०० च्या वर, किंवा नायट्रेट-फ्लोराइड जास्त, तर आरओ घ्या, तिथे त्याला पर्याय नाही. मिक्स पाण्याच्या सोसायटीत मात्र मशीनच्या आधी एक सोपा उपाय बघा, किचनसाठी कार्पोरेशनची वेगळी टाकी आणि वेगळी लाइन. मीटिंगमध्ये खर्च ऐकून दोन जण उठून जातील, पण चाळीस घरांनी चाळीस आरओ घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हिशोब करून दाखवा.

आरओ घेतलाच तर दोन गोष्टी. एक, साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी द्यायला दोन-तीन लिटर बाहेर फेकतो. घरात रोज १५ लिटर लागत असेल तर महिन्याला ९०० ते १३५० लिटर नाल्यात. त्याची नळी बादलीत सोडा, फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा, झाडांना मात्र मीटर लावून बघितल्याशिवाय नको, सगळे क्षार त्यातच आलेले असतात. दुसरं, मशीनमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो कारण क्लोरीनने आरओची मेंब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, खराब होते, त्यामुळे मशीनच्या टाकीत साठलेल्या पाण्याला काहीच संरक्षण नसतं. गावाला जाऊन आलात तर ते पाणी सगळं सोडून द्या. एचटूएसची कुपी एकदा आरओच्या नळालाही लावून बघा, काही घरांत आधीच्या पाण्यापेक्षा तिथलीच काळी होते.

पावसाळा आणि टाकी

जुलै-ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला की सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलंय ते बघायला घाटावर जातं. घरी आल्यावर मशीनच्या बाहेर पारदर्शक भांड्यात ती पांढरी कँडल असते तीही बघा. उन्हाळ्यात महिनोन्महिने पांढरी राहणारी कँडल या दिवसांत आठवड्यात चहाच्या रंगाची होते, बोटाने दाबली तर मऊ चिखल निघतो. ही स्वस्त असते, स्वतः बदलता येते, सर्व्हिसवाल्याची वाट बघू नका.

गढूळ पाण्याला तुरटी. हंड्यात तुरटीचा खडा हातात धरून पाच-सहा वेटोळे फिरवा, मग झाकून रात्रभर हलवू नका. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. सकाळी वरचं पाणी अलगद काढा, तळाचं चार बोटं सोडून द्या. तोंड तुरट झालं तर खडा जास्त फिरवलाय. मग फडक्याने गाळा, आणि फडकं म्हणजे जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी, चार पदरी. हे आजीचं काहीतरी म्हणून हसू नका, रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंच्या टीमने बांगलादेशातल्या खेड्यांत हेच करून बघितलं आणि २००३ मध्ये छापलं, नुसत्या साडीने गाळल्यावर कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतात आणि ते किडे साडीत अडकतात. पण तुरटी आणि साडीने सगळे जंतू जात नाहीत, नंतर उकळणं किंवा क्लोरीन हवंच.

टाकीत टाकायची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग. ताजी आणि बंद पाकिटातली घ्या, उघडी राहिली की तिचा दम जातो. १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. थेट टाकीत नाही टाकायची, प्लास्टिकच्या मगमध्ये पाण्यात कालवा, पांढरा चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता, अर्धा तास थांबा आणि मग ओटी लावा. फिकट पिवळं आलं की झालं. काहीच आलं नाही तर टाकीत घाण आहे, अजून पावडर ओतत बसू नका, टाकी धुवा.

धुवायला पाणी पूर्ण काढा, तळाचा गाळ सुपलीने आणि फडक्याने उचला, भिंती नायलॉनच्या ब्रशने घासा, साबण वापरू नका, तो निघता निघत नाही. मग १० लिटरच्या बादलीत दोन चमचे टीसीएल कालवून निवळीने आतल्या सगळ्या भिंती आणि झाकणाची आतली बाजू पुसा, तासभर ठेवा, दोनदा खळबळून ते पाणी सोडून द्या. हातात ग्लोव्ह्ज, तोंडाला रुमाल, आणि ब्लीचिंगबरोबर ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. अंडरग्राउंड टाकीत तर एकट्याने उतरायचंच नाही, आत हवा कमी असू शकते, दोन्ही झाकणं उघडून बराच वेळ मोकळी ठेवा आणि वर एक माणूस उभा पाहिजे. शक्यतो ज्यांचं ते काम आहे त्यांनाच बोलवा.

टाकीचं झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे ना तेही गच्चीवर जाऊन बघा. पारवे, पाली आणि डासांच्या अळ्या तिथूनच येतात.

शेवटचं, ऑफिसात आणि लग्नात येतात ते थंड पाण्याचे २० लिटरचे जार. सीलबंद बाटलीवर सहसा आयएसआय मार्क आणि आयएस १४५४३ (बाटलीबंद पाण्याचं मानक) लिहिलेलं असतं, उघड्या थंड जारवर असं काही नसतं, ते फक्त गार केलेलं पाणी, कुठलं ते देणाऱ्यालाच माहीत. थंड म्हणजे स्वच्छ असा काही संबंध नाही. रोज जार घेत असाल तर तोच पाचवा ग्लास समजा आणि त्यालाही एकदा मीटर, ओटी आणि कुपी तिन्ही लावा.